पोटावरची चांदीची शाल आणि आमचा चादरीचा लूम

मागच्या महिन्यात धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, पुण्याहून. बॅगेतून कपडे, औषधांची पिशवी, फायली आणि सगळ्यात खाली नीट घडी घातलेली एक करड्या रंगाची शाल निघाली. आईने विचारलं हे काय गं, तर म्हणाली अँटी रेडिएशन शाल आहे, मोबाईल, लॅपटॉप, टॉवर सगळ्यापासून बाळाला वाचवते, आत चांदीचा धागा आहे, साडेपाच हजाराला ऑनलाइन घेतली. आमच्या मागच्या गल्लीत एका गच्चीवर टॉवर आहे, तो आल्या दिवशीच तिच्या नजरेत भरला आणि तेव्हापासून झोपताना पण शाल पोटावर. एप्रिलमधलं सोलापूर, ४२ डिग्री, आणि ही पोर घामाने भिजलीय पण शाल काढत नाही.

मला तिची भीती समजत होती, पहिलटकरीण आहे, दिवसभर फोनवर काहीबाही वाचते. पण आमचं घर चादरीचं, अण्णांचे अक्कलकोट रोड एमआयडीसीत आठ लूम, म्हणजे यंत्रमाग, कापड हातात आलं की उलटं करून बघायचं ही सवय रक्तातच. ती दुपारी झोपल्यावर मी हळूच शाल घेतली, खिडकीपाशी नेली आणि पीक ग्लास, म्हणजे धागे मोजायचं भिंग, लावला.

आत दिसलं ते असं. ताणा, म्हणजे उभे धागे, सगळा साधा, पॉलिस्टर कॉटन. बाण्यात, म्हणजे आडव्यात, चार साधे धागे, मग एक चंदेरी, परत चार साधे, परत एक चंदेरी. चांदी होती, खोटं नाही, नायलॉनवर चांदीचा मुलामा दिलेला धागा असतो तसला. पण फक्त आडवा. उभ्यात एक पण नाही.

मग लूमच्या पॅनलसाठी ठेवलेला मल्टीमीटर आणला, दोन्ही टोकं आडव्या दिशेने लावली तर काटेकोर रीडिंग, वीसेक ओहम. तीच टोकं उभी लावली तर मीटर गप्प, डाव्या कोपऱ्यात नुसता १, म्हणजे करंटला रस्ताच नाही. चांदीचा एक धागा शेजारच्या चांदीच्या धाग्याला कुठेच शिवत नव्हता, मधे चार चार सुताचे धागे.

हे एवढं का महत्त्वाचं ते सांगतो, कारण सगळं इथेच आहे. रेडिओ लहर अडवायला कापडात वीज वाहू शकली पाहिजे. लहर कापडावर येते, धातूतले इलेक्ट्रॉन हलवते, आणि ते हलणं उलट लहर तयार करतं, म्हणून बहुतेक लहर परत फिरते. धातू फार जाड लागत नाही, बारीक मुलामा पण चालतो, पण तो सलग हवा, आणि आडवा उभा दोन्हीकडे. नुसत्या आडव्या तारा असल्या तर ज्या लहरीचं विद्युत क्षेत्र तारांच्या दिशेत आहे ती अडते आणि जिचं त्याला काटकोनात आहे ती आरामात आरपार जाते. आणि घरात भिंती, कपाटं, पत्रे यांवर आपटून लहरी सगळ्याच दिशांनी येतात, त्यामुळे अर्धं काम झालं असंही धड म्हणता येत नाही.

भोकं असली तरी चालतात, ही गोष्ट लोकांना खरी वाटत नाही. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारात जाळी असते ना, आतलं दिसतं पण लहर बाहेर येत नाही, कारण २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण १२ सेंटिमीटर आणि जाळीचं भोक मिलिमीटरभर. मोबाईलच्या ९०० मेगाहर्ट्झची लांबी ३३ सेंटिमीटर, १८०० ची साडेसोळा, ५जीच्या ३.५ गिगाहर्ट्झची साडेआठ. म्हणजे चार पाच मिलिमीटरची चौकट पुरेशी कामाची, फक्त उभे आडवे धागे जिथे एकमेकांवरून जातात तिथे ते खरोखर टेकले पाहिजेत. हे कुणा इंजिनिअरपेक्षा विणकराला लवकर कळेल, कारण धागा कुठे वर आणि कुठे खाली हेच तर आपण आयुष्यभर बघतो.

आता जाहिरातीतले ९९ टक्के. पाकिटावर मोठ्या अक्षरात होतं, ९९ टक्के रेडिएशन ब्लॉक. कापडाची अडवण्याची ताकद डेसिबलमध्ये मोजतात. १० डेसिबल म्हणजे ९० टक्के अडलं, २० म्हणजे ९९, ३० म्हणजे ९९.९. म्हणजे ९९ टक्के ऐकायला डोंगराएवढं वाटतं पण ते २० डेसिबल, आणि चांगली चांदी मुलाम्याची कापडं यापेक्षा कितीतरी पुढे, ५०-६० डेसिबलला जातात. दुसरं म्हणजे ही टेस्ट, एएसटीएम डी ४९३५ म्हणतात तिला, त्यात कापडाचा गोल तुकडा धातूच्या दोन भांड्यांत घट्ट दाबतात, लहर समोरून येते, बाजूने यायला फटच नसते. तिथला आकडा तुकड्याचा. पोटावर पसरलेल्या शालीचा नाही. शालीला खालून मोकळं, बाजूने मोकळं, पाठ तर पूर्ण उघडी. छत्री डोक्यावर धरली आणि गुडघाभर पाण्यात उभं राहिलो, तसं आहे हे.

बऱ्याच जणांना वाटतं की हॉस्पिटलात एक्स-रे काढताना घालतात तो शिशाचा जड एप्रन आणि ही शाल एकाच जातीची. अजिबात नाही. एक्स-रे अणूतून इलेक्ट्रॉन उडवू शकतो, त्याला शिसं लागतं. मोबाईलची लहर तेवढ्या ताकदीची नाही, तिचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे थोडी उष्णता. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने या लहरींना २बी गटात टाकलं, म्हणजे शक्यता नाकारता येत नाही पण पुरावा मर्यादित, हेही मी बहिणीपासून लपवलं नाही. आणि आपल्याकडे १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केलीय, ९०० मेगाहर्ट्झला चौरस मीटरला ०.४५ वॅट, हेही सांगितलं. तिच्या डॉक्टरीण बाईंनी पण तपासणीत हेच सांगितलं की शालीची गरज नाही, बीपी आणि हिमोग्लोबिनकडे लक्ष दे.

तिला सगळ्यात जास्त पटली ती फोनची गोष्ट. टॉवर शंभर मीटरवर आणि फोन कानाला, तर अंगाला जास्त लहर फोनचीच मिळते. आणि फोनला सिग्नल कमी मिळाला की तो जोर वाढवून बोलतो. म्हणजे फोन मांडीवर, शाल फोनच्या वरून, असं ती बसायची तेव्हा फोन टॉवरपर्यंत पोचायला जास्त ताकद लावत असणार, आणि ती ताकद शालीच्या आत, पोटाच्या बाजूला. हे मी बोललो आणि ती एकदम गप्प झाली. मला वाईट वाटलं, पण न सांगणं त्याहून वाईट होतं. मग म्हणाली दादा, मग मी काय करू? म्हटलं फोन स्पीकरवर घे, झोपताना लांब टेबलावर ठेव, अंतर वाढलं की लहर झपाट्याने पडते, फुकटचा उपाय आहे. स्टार हॅश शून्य सात हॅश दाबून फोनचा एसएआर, म्हणजे अंगात किती लहर शोषली जाते तो आकडा, पण दाखवला, आपल्याकडे मर्यादा किलोला १.६ वॅट, तिच्या फोनचा त्याखाली निघाला.

इथं थांबलो असतो. पण अण्णांनी शाल हातात घेतली, दोन बोटांत चोळली आणि म्हणाले, हे तर आपण बी काढू की, अन् नीट काढू.

आणि खरंच, या कापडाला खरी गिऱ्हाईकं आहेत, भीती न दाखवता विकता येईल अशी. ४०० केव्हीच्या चालू लाइनवर काम करणारे लोक स्टीलचे तंतू विणलेला सूट घालतात, त्यात टोपी, हातमोजे, मोजे सगळं एकमेकांना जोडलेलं असतं. १८३६ साली फॅराडे बारा फुटी खोक्यात बसला आणि बाहेर ठिणग्या उडत असताना आत काहीच लागलं नाही, तेच अंगावर घालायचं. पोलीस जप्त केलेला फोन अशा कापडाच्या पिशवीत ठेवतात म्हणजे बाहेरून कुणी त्यातला डेटा पुसू शकत नाही. इलेक्ट्रॉनिक्सच्या खोक्यांच्या फटीत फोमवर हेच कापड गुंडाळून बसवतात. केंद्राने २०२० मध्ये टेक्निकल टेक्स्टाईलसाठी १४८० कोटींचं मिशन काढलं, आणि आपण अजून चादर टॉवेलच्या भावात दोन-दोन रुपयांवर भांडतोय. चादरीचा मला अभिमान आहे, जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेला माल आहे आपला, पण सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, किती लूम भंगारात गेले ते रोज डोळ्यासमोर आहे, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता शालीचा राहिलेला नाही.

ओळखीच्या सूतवाल्याकडून स्टीलचे तंतू मिसळलेल्या सुताचे चार कोन आणले, नमुन्याला. बाण्यात घालणं सोपं गेलं, चादरीच्या लूमला रंगासाठी दोन तीन धोटे, म्हणजे आडवा धागा नेणारे शटल, असतातच, एका धोट्यात स्टीलच्या सुताची कांडी भरली. ताण्यासाठी बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला रूळ, नव्हता, म्हणून मागे खिळ्यांवर छोट्या बॉबिन लावून दर पाच मिलिमीटरला एक धागा फणीतून ओढून घेतला, लूम लावून देणाऱ्या जॉबर मास्तरांनी अर्धा दिवस घालवला त्यात. हे सूत ताठ असतं, कांडीवरून सुटताना पीळ पडून गाठी होतात, टेन्शन वाढवलं तर तुटतं, आणि बारीक धूळ उडते ती वीज वाहणारी, म्हणून शेजारच्या लूमचे पॅनल झाकून घेतले. पहिलं दीड हात कापड वायाच गेलं. नंतर जमलं.

घरची टेस्ट केली, लॅबची नाही, पण आकडे सांगतो. सिग्नल नोंदवणारं अ‍ॅप चालू करून फोन मोकळा ठेवला, उणे ७८ डीबीएम (उण्यातला आकडा मोठा तितका सिग्नल कमजोर). शालीच्या चार घड्यांत गुंडाळला, उणे ८४. आमच्या कापडाच्या पिशवीत, तोंड उघडं, उणे ८१. तोंड दोनदा दुमडून चिमटे लावले, स्टीलला स्टील टेकेल असे, तर उणे ९७. दहा दहा वेळा घेऊन सरासरी काढली कारण सिग्नल असाही चार पाच हलतो. तेच कापड, तोच फोन, फक्त तोंड बंद केल्याने एवढा फरक. आणि एवढं होऊन पण पिशवीतला फोन वाजला! म्हणून फोन वाजतो का नाही यावर कापड जोखू नका, फोन उणे १०५ला पण वाजतो, आकडा बघा.

चांदीवाल्यांसाठी एक गोष्ट, ज्यांनी घेतलंय त्यांनी ब्लीच लावू नका, क्लोरीनने चांदी खराब होते, साध्या सौम्य साबणाने धुवा. स्टीलचे तंतू सुताच्या आतच असतात, तिथे मुलामा निघायचा प्रश्न नाही.

शाल आता कपाटात आहे, बहीण पंख्याखाली सुती चादर घेऊन झोपते. तिने फेकू नको म्हटलं, मी पण नको म्हटलं, सॅम्पल म्हणून कामाला येईल. अण्णांनी स्टील सुताचा छोटा बीम भरायला दिलाय, या वेळी चौकट तीन मिलिमीटरची, आणि शिवणीत दोन घड्यांमधे स्टीलची पट्टी. सोमवारी चार नंबरच्या लूमवर चढेल.