१६ फुटी शास्ता: भावाचा हिशोब कुठवर आला

शास्ता या अमेरिकी कंपनीचा एक जुना कॅम्पिंग ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, मला विकत घ्यायचाय. मालकाने सांगितलेला भाव आणि माझा आकडा यांत अजून बरीच तफावत आहे. फरक एवढाच की ती कुठून येते हे आता कागदावर दाखवता येतंय. ट्रेलर १९६०च्या दशकातला, मागच्या बाजूचे शोभेचे दोन्ही पंख शाबूत, आणि पंख शाबूत म्हटलं की विकणाऱ्याचा आवाज लगेच चढतो.

आधी तुलना. जाहिरातींत मागितलेले भाव मी बाजूला ठेवले, झालेले सौदेच धरले. शास्ताच्या बाबतीत त्यातही एक गोम आहे. एअरफ्लाइट या शास्ताच्याच १९६१च्या मॉडेलची नवी आवृत्ती २०१५ मध्ये निघाली. दिसायला तशीच, पण आत सगळं नवं. हे सौदे यादीत मिसळले की सरासरी उगाच फुगते, म्हणून गाळले. एअरस्ट्रीम या दुसऱ्या, नावाजलेल्या कंपनीचे ट्रेलरही गाळले. त्यांचं १९६१चं बांबी मॉडेल पण १६ फुटीच, पण तिथे नावाचे पैसे वेगळे मोजावे लागतात.

मग पाणी. खरा भाव इथेच ठरतो. या ट्रेलरचा सांगाडा लाकडी पट्ट्यांचा, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लायवूड. छताचा आणि भिंतीचा पत्रा मिळतो तिथे वरून एक पट्टी स्क्रूने आवळलेली असते. तिच्याखालचा सील वाळला की पाणी स्क्रूच्या भोकांतून आत जातं. पत्रा बाहेरून चकचकीतच राहतो आणि आत लाकडाचा भुसा होत असतो.

समोरच्या खिडकीखाली तपकिरी डाग होता. टोच्या हलकेच दाबला तर अर्धा इंच आत गेला, काही लागलंच नाही. वीतभर बाजूला दाबला तर टणक. म्हणजे ओल तिथल्या तिथेच आहे. मागच्या कोपऱ्यात मात्र प्रकरण मोठं: बाकाखालची पेटी उघडली तर जमिनीचं प्लायवूड बोटाने सुटत होतं, आणि भिंतीची खालची पट्टी जवळजवळ नव्हतीच. बाहेर त्याच कोपऱ्यावर सिलिकॉनचे थरावर थर. बुटिल टेप (सांधे बंद करायची चिकट पट्टी) लावायची तर हे सगळं आधी खरवडून काढायला हवं. कंटाळवाणं काम, पण त्याचे तासही धरले. आतून नुकताच पांढरा रंग मारलाय, त्यासाठी मालकाला वाढीव पैसे हवेत. माझ्या लेखी ताज्या रंगाचं मोल उणे आहे, कारण त्याखाली किती डाग दडलेत ते कळत नाही.

हिशोबाची रीत अशी: पूर्ण दुरुस्त झालेला तसाच ट्रेलर ज्या भावाला जातो, त्यातून कामाचा खर्च वजा. सगळी मजुरी धरली तर उत्तर शून्याखाली जातं आणि बोलणंच खुंटतं. म्हणून सांगाडा, सील आणि चाकांच्या कामाची मजुरी पूर्ण धरतो. गाद्या, पडदे, बाहेरचा रंग यांची अजिबात नाही. ती माझी हौस आहे, तिचा खर्च विकणाऱ्याच्या माथी मारणं बरं नव्हे.

टायरची नक्षी कोरी आहे, पण बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार अंक २३०९, म्हणजे २००९चा २३वा आठवडा. सरळ वजा. उलट मूळ शेगडी, आइसबॉक्स आणि बर्चची कपाटं जागेवर आहेत, त्यासाठी आकडा वर नेला. हे भाग एकेक करून जमवायला गेलं की खिसाही रिकामा होतो आणि वर्षंही जातात. कुणीतरी 'नवीन' केलेल्या ट्रेलरपेक्षा हात न लागलेला ट्रेलर मला कधीही जास्त मोलाचा वाटतो. कागदांवरचा नंबर ट्रेलरवरच्या नंबरशी ताडून पाहायचा राहिलाय; तोवर बयाणा नाही.

मालकाला आकडा कळवला, सोबत टोच्याचे फोटो. तो चिडला नाही, हे विशेष. मागच्या कोपऱ्याची पट्टी काढून आत बघू द्यायला तयार झालाय; अट एकच, सौदा फिसकटला तर पट्टी नव्या सीलसकट परत बसवून द्यायची. मान्य केली. आतल्या सांगाड्याच्या उभ्या लाकडी पट्ट्या धड निघाल्या तर आकडा थोडा चढवेन. छतापर्यंत कुजलेल्या असतील, तर भाव फक्त चासी, कपाटं आणि पंखांचा.