तुम्ही विचारलंत म्हणून : इंग्रजी कुठल्या अ‍ॅपवर शिकले?

"वैनी, कुठल्या अ‍ॅपवर शिकलासा?" बचत गटाची मीटिंग असो, बेदाणा शेड असो नाहीतर लग्नाची पंगत, प्रश्न हाच. मी तासगाव तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराच्या घरातली, मराठी शाळेत दहावी झालेली. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली. त्याआधीची आमची पिढी पाचवीत एबीसीडी गिरवायला लागली. त्यामुळे चाळिशी उलटल्यावर मी इंग्रजी वाचते, ऐकून समजून घेते, थोडं बोलते, याचं बायकांना नवल वाटतं. एका अ‍ॅपचं नाव सांगून हे उत्तर पुरं होत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी कारण सांगते. एका वर्षी आमचा माल एक्स्पोर्टला जाणार होता. तोडणीच्या तोंडावर एक फवारणी झाली. औषधाबरोबरचा कागद दुकानातच राहिला होता. शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस सोडायचे, ते बाटलीवर बारीक इंग्रजीत होतं. ते ना मला वाचता आलं, ना यांना. नमुन्यात औषधाचा अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला आणि सौदा मोडला. हे दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हा मी फोन हातात घेतला.

सुरुवात सगळ्यांसारखीच, अ‍ॅपनं. मांजर दूध पितं, मुलगा सफरचंद खातो. वाईट नव्हतं, पण समजावणं सगळं हिंदीतून. म्हणजे मराठीतून हिंदी, हिंदीतून इंग्रजी. आणि सफरचंदाशी माझं काय काम? तीन महिन्यांनी बाटलीवरची एक ओळही लागेना.

मग एक दिवस लक्षात आलं की इंग्रजी शब्द माझ्याकडे आधीच आहेत. थ्रिप्स, मिलीबग, स्प्रे, थिनिंग, डिपिंग, रूटस्टॉक. आमच्या निरक्षर सासूबाईसुद्धा हे शब्द रोज बोलायच्या. आम्ही 'डावणी आली' म्हणतो ना, ते इंग्रजीतलं 'डाऊनी'. 'डाऊन' म्हणजे पिसांची मऊ लव. पानाच्या मागच्या बाजूला पांढरी लव धरते, म्हणून रोगाला ते नाव. हे कळलं त्या दिवशी मी बागेत जाऊन पान उलटं करून पुन्हा पाहिलं. इतकी वर्षं जे डोळ्यांसमोर होतं, तेच त्या शब्दात होतं.

आता अडचण स्पेलिंगची. शब्द कानाला माहीत, हाताला नाही. मी 'बोर्डो' शोधायला बीओआरडीओ लिहायची आणि भलतंच काहीतरी यायचं. फोनवरच्या माइकचं चित्र दाबून 'बोर्डो मिक्श्चर' म्हटलं, तर खरं स्पेलिंग समोर आलं, शेवटी ईएयूएक्स असलेलं. फ्रान्समधल्या शहराचं नाव आहे ते. मोरचूद आणि चुन्याचं हे मिश्रण १८८५च्या सुमारास तिथल्याच द्राक्षवेलींवर डावणीसाठी वापरात आलं. ज्यांचा कान तयार आहे पण लिहिण्याची भीती वाटते, त्यांनी बोलून लिहिण्यापासूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे.

माइक उच्चारही तपासतो. मी द्राक्षवेलीचा इंग्रजी शब्द 'वाइन' म्हणायची आणि फोन दर वेळी दारूचा 'वाइन' लिहायचा. वेलीचा शब्द 'व्ही'नं सुरू होतो, दारूचा 'डब्ल्यू'नं, आणि आपला मराठी 'व' या दोन इंग्रजी अक्षरांच्या मधोमध पडतो. वेलीसाठी वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे, दारूसाठी ओठांचा चंबू करायचा आणि दात लावायचेच नाहीत. आठवडाभर भाकरी थापताना हेच करत होते. ज्या दिवशी फोननं वेल लिहिली, त्या दिवशी मी यांना हाक मारून दाखवलं.

ऐकण्यासाठी यूट्यूबवर द्राक्षछाटणीचे परदेशी व्हिडिओ. वेग ०.७५ करायचा, खाली इंग्रजी अक्षरं लावायची, एकच व्हिडिओ चार वेळा. छाटणी आपल्याला येतेच, त्यामुळे हात बघून निम्मी भाषा कळते. बागेच्या बाहेरचं ऐकायचं तर बीबीसीचं 'सिक्स मिनिट इंग्लिश' आहे, त्यातला संवाद लिहिलेलाही मिळतो. ते जड वाटलं तर 'व्हॉइस ऑफ अमेरिका'चे शिकणाऱ्यांसाठीचे जुने कार्यक्रम ऐका. १९५९मध्ये त्यांनी साधारण दीड हजार शब्दांत, सावकाश वाचून बातम्या द्यायला सुरुवात केली, ती आपल्यासारख्यांसाठीच.

कॅमेऱ्यानं भाषांतर करता येतं, मग शिकायचं कशाला, असंही विचारतात. मण्यावर जी पांढुरकी झाक असते तिला इंग्रजीत 'ब्लूम' म्हणतात, आणि फुलोऱ्यालाही 'ब्लूम'च. फोननं मला काढणीच्या सल्ल्यात फुलोरा दिला. असं औषधाच्या मात्रेत झालं तर? भाषांतराचा आधार घ्यावा, पण मूळ ओळ आपण वाचावीच.

बोलणं मात्र नुसत्या फोननं आलं नाही. माझ्या मैत्रिणीची मुलगी मिरजेत कॉलेजला आहे. तिला मी रोज रात्री मिनिटभराचा इंग्रजी व्हॉइस मेसेज पाठवते, आज बागेत काय केलं एवढंच. ती एकच चूक दुरुस्त करून परत पाठवते. दहा चुका सांगितल्या असत्या तर मी कधीच गप्प झाले असते.

किती दिवस लागतात म्हणाल, तर मला ऑक्टोबर छाटणीपासून तोडणीपर्यंतच्या एका हंगामात बाटल्यांवरचा मजकूर वाचता यायला लागला. बोलायला दोन हंगाम गेले.

यंदाची छाटणी उरकली की रात्री नऊनंतर मी घरीच असते. ज्यांना बसायचं असेल त्यांनी या. येताना औषधाचा कागद तेवढा आणा. बाटली नको, घरात लहान पोरं असतात.