जमिनीच्या रंगाचं काहीतरी

स्वयंपाकघरातली कपाटं बदलायची ठरली, तेव्हा माझी अट एकच होती: जमिनीच्या रंगाचं काहीतरी हवं. खाली ओकच्या पट्ट्या आहेत, वाळक्या गवताच्या रंगाच्या. वर तेच लाकूड लावलं की झालं, यात विचार करण्यासारखं काय आहे? सुतारकाकांना मी हे इतक्या ठामपणे सांगितलं की त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि परत कानामागेच ठेवली.

"ताई, कुठल्या जमिनीच्या रंगाचं?"

"म्हणजे काय? ही काय, समोर आहे."

ते ओट्यापाशी गेले आणि तिथला गालिचा एका कोपऱ्याला धरून उचलला. खाली फिकट रंगाचा एक लांबट चौकोन निघाला. कडा अशा रेखीव, की पट्टी लावून आखल्यात असं वाटावं. आठ वर्षं मी रोज त्याच्यावर उभी राहत होते आणि माझ्या घराची जमीन दोन रंगांची आहे, हे मला माहीत नव्हतं.

लाकडाला उजेड लागतो, हे तेव्हा कळलं. आपण लाकूड घेतो आणि रंग निवडला असं समजतो. तो रंग फक्त त्या दिवसाचा असतो. ओक उजेडात पिवळसर, गडद होत जातो. त्यावर तेलाच्या आधाराचं पॉलियुरेथेन, म्हणजे लाकडावरचा पारदर्शक लेप, असेल तर तेही वर्षागणिक पिवळं पडतं. पाण्याच्या आधाराचं मात्र बऱ्यापैकी स्वच्छ राहतं. चेरी कापल्या कापल्या फिकट गुलाबी दिसतं आणि पहिल्या वर्षातच झपाट्याने लालसर तपकिरी होतं. अक्रोडाची तऱ्हा उलटी. बाकीची बहुतेक लाकडं वयाबरोबर गडद होतात, हे हळूहळू उजळतं. त्यामुळे आज तंतोतंत जुळणारी दोन लाकडं पाच वर्षांनी आपापल्या वाटेने गेलेली असतात.

तरीही माझा हट्ट सुटला नाही. नवीन ओकचा एक तुकडा मागवला आणि जुन्या जमिनीवर ठेवला. अगदी थोडा फरक होता. आणि तोच नडला. काळ्या कोटाखाली दुसऱ्या काळ्याची पँट घातली की जसं दिसतं, तसंच. पांढरी पँट घातली असती तर कुणी वळूनही पाहिलं नसतं. पण दोन काळे शेजारी आले की माणूस विजार बदलायला विसरला असंच वाटतं. जवळपास जुळणं हे न जुळण्यापेक्षा वाईट. हे मला कपड्यांत कधीच कळलं होतं, लाकडात कळायला आठ वर्षं आणि एक गालिचा लागला.

मग नमुने सुरू झाले. पिशवीत लाकडाचे तुकडे घालून घरभर हिंडायचे दिवस आले. एका रात्री पिवळ्या दिव्याखाली सगळे मांडले आणि मेपल इतकं शोभून दिसलं की निर्णय झालाच म्हणा. सकाळी खिडकीतून पांढरा उजेड आला आणि तेच मेपल जमिनीशेजारी आजारी दिसायला लागलं. दिव्याच्या पिवळेपणात सगळ्यांचं पिवळेपण मिसळून गेलं होतं. दोन रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फारकत घेतात, ही दिव्यांची जुनी खोडी आहे. शिवाय मी तुकडे जमिनीवर आडवे ठेवून बघत होते, आणि कपाटाची दारं तर उभी असतात. आडव्या लाकडावर उजेड तिरका पडून चमकतो, उभ्यावर तसा पडत नाही. शेवटी एक अख्खं दार मागवलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. दोन बोटांच्या तुकड्यावरून लाकूड निवडणं म्हणजे नाकाच्या फोटोवरून स्थळ पसंत करणं.

सुतारकाकांची पद्धत वेगळी. ते तुकडा हातात घ्यायचे, फडकं ओलं करायचे आणि एकदाच पुसायचे. कोरडं, राखाडी, निर्जीव दिसणारं लाकूड क्षणात खोल व्हायचं, आतल्या रेषा वर यायच्या. "पॉलिश केल्यावर साधारण असं दिसेल." तो रंग मिनिटभर टिकायचा आणि मग कडेकडेने वाळत जायचा. ते मिनिट मी डोळे मोठे करून बघत बसायचे. खरं सांगायचं तर अर्ध्या वेळा निवड करणं सोडून मी नुसती मजाच बघत होते.

या ओल्या फडक्यानेच मला रंगापेक्षा मोठी गोष्ट दाखवली, ती म्हणजे रेषा. ओकच्या पट्टीवर नख आडवं फिरवलं तर ते अडखळतं. वसंतात झाड भराभर वाढतं तेव्हा पाणी वर नेणाऱ्या नळ्या मोठ्या होतात, पुढे त्या बारीक पडतात. म्हणून दर वर्षाची एक खरखरीत ओळ लाकडात उमटते. फळी कापताना तीच ओळ कमानीसारखी पसरते. मेपल किंवा चेरीत या नळ्या बारीक आणि सगळीकडे सारख्या, म्हणून नख सरळ घसरत जातं. माझी जमीन आधीच बोलकी आहे, तिच्या प्रत्येक पट्टीवर कमानी आहेत. वरही ओक लावलं असतं तर दोघं एकाच वेळी बोलायला लागले असते, आणि मधे उभं राहून मला काही सुचलं नसतं.

नवऱ्याचं म्हणणं मात्र कठीणपणावर अडलेलं. त्याने कुठूनतरी यांका नावाची मोजणी शोधून काढली. गाब्रिएल यांका या ऑस्ट्रियन माणसाने 1906 साली काढलेली ही पद्धत. 11.28 मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी घुसवायला किती जोर लागतो, ते मोजायचं. हा जोर पौंडांत सांगतात. कठीण मेपलला 1450, लाल ओकला 1290, अक्रोडाला 1010, चेरीला 950. "चेरी सगळ्यात मऊ निघालं," तो विजयाने म्हणाला. मी म्हटलं, "कपाटावर चालायचा विचार आहे का?" जमिनीला खुर्च्या ओढल्या जातात, भांडी पडतात, टाचा लागतात, तिथे हा आकडा कामाचा. दाराला फार तर गुडघा लागतो, आणि तिथे दुखतं ते गुडघ्याचंच.

अक्रोडावर माझं मन बरेच दिवस होतं. पण आमचं स्वयंपाकघर लहान, खिडकी एकच, आणि तीही शेजारच्या भिंतीकडे तोंड करून. गडद लाकूड वरपर्यंत नेलं असतं तर दुपारीही दिवा लावावा लागला असता. मेपलला गडद रंग देऊ या, अशीही एक टूम निघाली. सुतारकाकांनी मान हलवली. मेपल रंग एकसारखा पीत नाही, ठिकठिकाणी डाग पडल्यासारखं दिसतं. जमवणारे जमवतात, पण मला लाकडाला दुसऱ्या लाकडाचं सोंग द्यायचंच नव्हतं.

चेरीवर शिक्कामोर्तब झालं. जमिनीचा पिवळा आणि दाराचा लाल, दोन्ही उबदार, पण एकमेकांची नक्कल न करणारे. कपाटांच्या तळाशी पाय आत सरकवायला जी खोल पट्टी असते ती गडद ठेवली, म्हणजे दोन लाकडं थेट एकमेकांना भिडत नाहीत, मधे सावलीची रेघ येते. ही सूचना माझी, त्यामुळे इथे मुद्दाम लिहिते.

दारांच्या मधल्या फळ्या काकांनी चौकटीत बसवण्याआधीच पॉलिश केल्या. मला वाटलं, उगीच दुप्पट काम. ते म्हणाले, फळी आडवी फुगते आणि आक्रसते, लांबीला फारशी नाही. म्हणून ती चौकटीच्या खाचेत सरस न लावता मोकळी सोडायची. बसवून मग पॉलिश केलं, तर कोरड्या हवेत ती आक्रसेल आणि कडेला कोऱ्या लाकडाची रेघ उघडी पडेल.

कपाटं लागून आता सात महिने झाले. पहिल्या दिवशीचा गुलाबीपणा गेला. पाहुणे "छान लाल रंग दिलाय" म्हणतात आणि दिलेला नाही म्हटलं की त्यांना खरं वाटत नाही. परवा मात्र सिंकशेजारच्या दारावरचा हात पुसायचा रुमाल धुवायला काढला, तर त्याच्यामागे एक फिकट गुलाबी पट्टा दिसला. वरून सरळ आणि खाली रुमालाच्या टोकासारखा तिरका. नवऱ्याला हाक मारली. त्याने पट्टा पाहिला, मग गालिचाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

सुतारकाकांना फोन केला. "उघडा राहू द्या ताई, येईल भरून," ते म्हणाले. रुमाल आता खुंटीवर असतो. खुंटी भिंतीला आहे, आणि भिंत रंगवलेली.