फिर्यादीतला नंबर

बुधवार, रात्री साडेनऊ

नागपुरात सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात मेथी निवडत असताना पाठीमागून कुणीतरी माझा दंड घट्ट धरला. वळून पाहिले तर ती होती. तिचे नाव या वहीतही लिहीत नाही. घराच्या वाटणीवरून दिराने विळ्याने वार केल्यापासून तिच्या उजव्या हाताची दोन बोटे वळत नाहीत, आणि विधी स्वयंसेवक म्हणून माझी तिच्याशी ओळख झाली ती त्याच प्रकरणात. "ताई, तो सुटला जी. आताच पाहिला, कांद्याच्या दुकानापाशी. मले कोनीच नाही सांगितलं." त्याने तिला काही केले नाही. कांदे घेतले आणि निघून गेला. पण तो वर्धा मार्गावरच्या कारागृहात आहे या भरवशावर जी बाई गेले काही महिने एकटी बाजारात येत होती, तिच्या पायांतले बळच गेले होते.

तिला रिक्षात बसवून मी तडक पोलीस ठाण्यात गेले. रागात होते, हे मान्य करते. तपास अधिकाऱ्यांनी शांतपणे कागद काढून दाखवला. जामीन नऊ दिवसांपूर्वी झाला होता, आणि ठाण्यातून फोनही गेला होता, फिर्यादीत लिहिलेल्या नंबरावर. तो नंबर तिच्या नवऱ्याचा, म्हणजे आरोपीच्या सख्ख्या भावाचा. त्याने "बरं" म्हणून फोन ठेवला आणि घरात एक शब्द काढला नाही. माझा राग कुठे ठेवावा हे मला तिथे उभ्या उभ्या कळेना. फिर्याद लिहून घेताना रुग्णालयात तिच्या उशाशी मीही होते. तो नंबर कोणाचा, हे मलाही सुचले नव्हते.

त्यातही तो फोन म्हणजे त्या अधिकाऱ्यांचा चांगुलपणाच म्हणायचा, कारण कायद्याच्या पुस्तकात तिच्यासाठी अशा निरोपाची स्पष्ट तरतूद मला सापडत नाही. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची किंवा जमातीची असेल आणि गुन्हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा असेल, तर कलम 15-अ नुसार जामिनाच्या सुनावणीचीही वेळेवर आणि अचूक सूचना मिळण्याचा हक्क आहे. पीडित बालक असेल, तर बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या 2020 च्या नियमांत आरोपीचा जामीन, सुटका वा कोठडी यांची माहिती पोलिसांनी पालकांना द्यावी असे लिहिले आहे. सोळा वर्षांखालील मुलीवरील बलात्काराच्या प्रकरणात जामिनाच्या सुनावणीला फिर्यादीची उपस्थिती आवश्यक केली आहे. विळ्याचा वार झेललेली, चाळिशीतली, सख्ख्या दिराविरुद्ध उभी असलेली बाई यांपैकी कशातच बसत नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याने, तपासाची प्रगती 90 दिवसांच्या आत कळवण्याचे बंधन घातले आहे, पण तपास पुढे सरकणे वेगळे आणि माणूस दाराबाहेर येणे वेगळे. जामीन अर्जाची नोटीस जाते सरकारी वकिलांना. पीडिताला प्रत्येक टप्प्यावर आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये लखीमपूर खेरीच्या प्रकरणात स्पष्ट म्हटले आहे. मात्र ज्याला तारीखच ठाऊक नाही त्याने तो हक्क कोणत्या दिवशी बजावायचा?

जामीन मिळू नये असे माझे म्हणणे नाही. तो न्यायालयाचा अधिकार आहे आणि दोष सिद्ध होईपर्यंत आरोपीचाही हक्क आहे. मला खटकते ते निराळेच. फिर्यादीच्या घराकडे फिरकायचे नाही, अशी अट या जामिनाला आहे, हे मला ठाण्यातल्या त्या कागदावर दिसले. जिच्या रक्षणासाठी ती अट घातली तिलाच ती माहीत नाही, तर उद्या तो दारात उभा राहिला तरी ही अट मोडली म्हणून ती कोणाकडे जाणार?

अमेरिकेत केंटकी राज्यात मेरी बायरन नावाच्या तरुणीला डिसेंबर 1993 मध्ये तिच्या एकविसाव्या वाढदिवशी तिच्या पूर्वीच्या मित्राने गोळ्या घातल्या. तिच्यावरच्या अत्याचारासाठी तो अटकेत होता, आणि जामिनावर सुटल्याचे तिला कोणी कळवले नव्हते. पुढच्याच वर्षी तिथे कैदी सुटताच पीडिताला आपोआप फोन करणारी यंत्रणा सुरू झाली. तीतली एक गोष्ट आज सारखी आठवते आहे: नोंदणी करताना पीडिताने स्वतः निवडलेला चार आकडी क्रमांक फोनवर दाबला जाईपर्यंत ती यंत्रणा पुन्हा पुन्हा फोन लावत राहते. तिथे कोणा भावाने "बरं" म्हणून भागले नसते.

संध्याकाळी तिच्याकडून दोन अर्ज लिहून घेतले. एक जामिनाच्या आदेशाच्या नकलेसाठी, दुसरा ठाण्यातला संपर्क क्रमांक बदलण्यासाठी. खटला चालून शिक्षा झालीच तरी संचित रजा (फर्लो) आहे, अभिवचन रजा (पॅरोल) आहे. तो दर वेळी बाहेर येईल, म्हणून तेव्हाही तिला कळवावे, हेही त्यात घातले. क्रमांकाच्या रकान्यापाशी मात्र ती थांबली. तिच्याजवळ स्वतःचा फोन नाही. शेजारणीचा नको, ती नवऱ्याच्या नात्यातली. मुलाचा नको, तो बापाला सांगेल. शेवटी म्हणाली, "तुमचाच टाका न ताई."

टाकला आहे. दुसऱ्याचा क्रमांक दिलेला चालतो का, हे उद्या सिव्हिल लाइन्सला वकिलांना विचारायचे आहे. आणि रात्री फोन बंद करून झोपण्याची माझी सवय आहे, ती आजपासून सोडावी लागेल.