तुम्ही विचारलंत म्हणून: कोरलेलं का घेत नाही

मी घरी टायटॅनियमवर विजेनं रंग चढवतो. यंदाच्या गणपतीत नऊ जणांनी विचारलं, मोजले मी. आरतीला जा, प्रसादाला जा, तेच. "स्वतः कोरता, स्वतः रंगवता, सगळ्यांना दाखवता. मग आमची कोरलेली टायटॅनियमची वस्तू आणली की 'नको' का म्हणता?" कुणी समजतं भाव खातोय, कुणी आपणहून पैसे वाढवून बघतं. इथल्या, म्हणजे बेळगावच्या, अनगोळातल्या एका ओळखीच्या काकांनी तर चारचौघांत ऐकवलं, "जमत नसंल तर तसं सांग की रे."

तर सांगतो. जमतं. तरी घेत नाही.

बाकीच्या प्रश्नांची उत्तरं आधी उरकतो, म्हणजे मधे कुणी तोडणार नाही. रंग मी "लावत" नाही. डबा नाही, ब्रश नाही. टबात ट्रायसोडियम फॉस्फेट नावाच्या क्षाराचं पाणी, वस्तूला प्लस, स्टीलच्या पट्टीला मायनस, आणि व्होल्टेज. धातूवर त्याचाच ऑक्साइड चढतो, एका मायक्रॉनच्याही आतला, आणि जाडीप्रमाणे डोळ्याला रंग दिसतो. पावसात रेल्वे गेटजवळच्या डबक्यावर पेट्रोल सांडल्यावर दिसतात ना, त्याच जातीचे. 15 व्होल्टच्या आसपास तांबूस तपकिरी, 30 ला गडद निळा, 60 च्या सुमाराला पिवळा, 75 कडे गुलाबी, आणि 100 च्या वर गेलात तर हिरवा. भगवा का नाही, हा आपल्याकडचा हमखास दुसरा प्रश्न. पिवळ्याकडून गुलाबीकडे जाताना मधे फिकट केशरी झाक येते, पण गडावर फडकतो तो भगवा येत नाही. याचा अर्थ मी घाबरलो असा होत नाही. खरा लालही येत नाही, त्यामुळे कन्नड झेंड्याचं लाल-पिवळं मागणाऱ्या माझ्या कन्नड मित्रालाही मी परत पाठवलंय. दोन्हीकडून शिव्या खाणारा बेळगावातला बहुधा हा एकमेव धातू.

आता मूळ मुद्दा.

तीन वर्षांपूर्वी शहापुरातल्या एक काकू आल्या. त्यांचे यजमान उद्यमबागेतल्या कारखान्यात टर्नर होते, ते जाऊन वर्ष होत आलं होतं. रुमालाच्या गाठीतून त्यांनी एक पट्टी काढली. काडेपेटीपेक्षा जरा लहान, दोनेक मिलिमीटर जाड. कधीतरी टायटॅनियमचं जॉब-वर्क आलं असताना उरलेल्या तुकड्यातली. त्यावर काकांनी टूलवर नंबर टाकायच्या इलेक्ट्रिक पेननं एक नाव कोरलं होतं. वेडंवाकडं, थरथरतं, शेवटचं अक्षर कडेला दाटीवाटीनं बसवलेलं. मी विचारलं, "हे कुणाचं नाव?"

"माझंच. माहेरचं."

लग्नात नाव बदललेलं. सासरी त्या नावानं त्यांना कुणी हाक मारली नव्हती, निदान लोकांसमोर नाही. ते नाव मी इथं लिहिणार नाही.

"हिरवा येतंय काय रे?" त्यांनी विचारलं.

मी लगेच म्हणालो, "येतो की. 105 ला." मला फक्त व्होल्टेज ऐकू आलं. रात्री बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "हिरवा मागितला त्यांनी?" आणि हातातल्या बांगड्या मागे सारून परत भांडी घासायला लागली.

हिरवा हा चढवायला सगळ्यांत खट्याळ रंग. पृष्ठभाग निर्मळ नसेल तर तो राखेसारखा मळकट येतो. परदेशातले हौशी लोक आधी हायड्रोफ्लोरिक आम्ल असलेल्या द्रावात वस्तू बुडवून वरचा थर काढतात. ते आम्ल मी घरात आणत नाही, आणणार नाही. कातडीतून आत शिरतं आणि कधी कधी दुखायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. घरात दोन पोरं आहेत. म्हणून मी पॉलिश पेपरनं घासतो. ही माझी बाजू. ती आजही खरी आहे, पण त्या दिवशी ती माझ्या सोयीचीही होती.

मला करायचं होतं ते असं. आख्खी पट्टी हिरवी करायची, मग लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून वरून घासायची. वरचा हिरवा निघून धातू उघडा पडतो, खोबणीतला राहतो. करड्या पट्टीवर हिरवं नाव. माझ्या स्वतःच्या पट्ट्यांवर हे मी पन्नास वेळा केलं होतं. फरक एवढाच, की माझी अक्षरं मशीननं खोल कोरलेली.

इलेक्ट्रिक पेन कोरत कमी आणि ठोकत जास्त. टायटॅनियमसारख्या चिवट धातूवर त्याची सुई धातू दोन्ही बाजूंना ढकलते. कडेला बर, म्हणजे ढकललेल्या धातूची बारीक धार, उभी राहते आणि त्या बरवर उजेड पडून अक्षर खोल दिसतं. खोबण असते केसाएवढी. हे मला माहीत नव्हतं असं मी बरेच दिवस लोकांना सांगत होतो. माहीत होतं. याच कामात पंधरा वर्षं गेली, बर म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. पहिल्याच घासण्यात, हिरवा चढवण्याच्याही आधी, अक्षरं बारीक झालेली मी पाहिली. मनाला म्हटलं, रंग आला की उठून दिसतील.

तेव्हा पॉवर सप्लाय नव्हता. नऊ व्होल्टचे बारा चौकोनी सेल एकमेकांच्या बटणात अडकवायचे, झाले 108. हातात रबरी मोजे, कारण ओल्या हाताला एवढं डीसी म्हणजे गंमत नाही. पट्टी टायटॅनियमच्याच तारेला अडकवली. तांब्याची तार किंवा चिमटा पाण्यात बुडाला की करंट तिकडंच पळतो. सोडली आत. तपकिरी, जांभळा, निळा, पिवळा, गुलाबी, एकेक रंग धावत गेला आणि हिरव्यावर थांबला. स्वच्छ हिरवा. नाव त्यात पुसट रेघांसारखं दिसत होतं, पण दिसत होतं.

तिथं पट्टी धुऊन, पुसून काकूंना द्यायची होती. काम झालं होतं. त्यांनी हिरवा मागितला होता, "करड्यावर हिरवी अक्षरं" असं काही मागितलं नव्हतं. ते मला हवं होतं. खरं सांगायचं तर फोटो हवा होता.

ठोकळा फिरवला. चार हात, पाच हात. पाण्यात धुऊन ट्यूबलाइटखाली धरली. नाव गेलं होतं. सुई जिथं टेकवून काकांनी प्रत्येक रेघ सुरू केली असेल, तिथं जरा खोल गेली होती. तेवढे सात हिरवे ठिपके उरले. बाकी सपाट, चकचकीत, माझ्या हातून झालेलं उत्तम फिनिशिंग.

आधीचा फोटो मी काढला नव्हता. नंतरचाच काढायचा होता ना.

त्या रात्री इलेक्ट्रिक पेन हातात घेतलं होतं. ठिपके जोडून नाव परत काढावं म्हणून. काकूंना कळलंही नसतं असं वाटलं. सुई धातूला लावली आणि उचलली. तीन आठवडे "सेल मिळेनात", "पाऊस आहे" असली कारणं सांगत राहिलो आणि मग स्वतःच शहापुरात गेलो.

काकूंनी पट्टी खिडकीकडे धरली, तिरकी केली, परत सरळ केली. "पुसलं व्हय." मी काय काय बोललो ते आठवत नाही. बर, पेपर, खोबण, सगळं सांगितलं असणार, कारण मी अडचणीत आलो की तांत्रिक बोलतो. त्या ऐकत नव्हत्या. नखाचं टोक एका ठिपक्यावर ठेवून म्हणाल्या, "हितनं सुरू केलेलं त्यांनी. हा काना." मग दुसऱ्यावर. सातही ठिपक्यांवरून नख फिरलं. ते बरोबर फिरलं की नाही मला सांगता येणार नाही. मला ते अक्षर कसं वळलं होतं हे आता आठवत नव्हतं, आणि पट्टी महिनाभर माझ्याचकडे होती.

पैसे द्यायला लागल्या, तेव्हा मात्र मी बाहेर पडलो.

यावर माझ्यातलाच एक माणूस वाद घालतो. म्हणतो, चूक एका कामात झाली, सगळ्यांना नकार का? आधी भिंगातून खोबण बघ. उथळ असेल तर नुसती रंगव, घासू नकोस. नेलपॉलिशनं अक्षरं झाकून ठेवता येतात. उघड्या धातूवर कमी व्होल्टेजचा रंग चढवला तरी आधीच्या जास्त व्होल्टेजच्या रंगाला धक्का लागत नाही, हे तुला पाठ आहे. सगळं खरं. त्याला मी सांगतो, मला खोबणीची भीती वाटत नाही, काम हातात आल्यावर जो चढतो ना मला, त्याची वाटते. तो म्हणतो, हे नाटक आहे. असेलही.

परवा टिळकवाडीतले एक गृहस्थ "नको" म्हटलं तरी मुलाची अंगठी टेबलावर ठेवून गेले. आतल्या बाजूला लग्नाची तारीख, लेझरनं कोरलेली, भिंगाखाली बघितली तर चांगली खोल. निळा हवाय, 30 व्होल्टचं काम, दहा मिनिटं. या वेळी चारही बाजूंनी फोटो काढले, आणि अंगठी पुडीत गुंडाळून सेलच्या खोक्यात ठेवलीय. रविवारी न्यायला येणार आहेत.