कापसाचे पैसे आले, आता लहान कॅनॉपी घेऊ का?

आमच्या भागातले स्कायडायव्हर सगळे मिळून एका काळीपिवळीत बसतील एवढेच, तरी दरवर्षी कापूस विकला की त्यातल्या एखाद्याचा फोन येतोच, दादा एक १५० (म्हणजे १५० स्क्वेअर फुटांची कॅनॉपी, पॅराशूटची छत्री) मिळून रायली, कमी जंपची आहे, भाव बी बरा आहे, घेऊ का. घे ना बापा, पैसे तुझे. पण लगेच उडवू नको, आणि काहून नको ते एकदा नीट लिहून टाकतो म्हणजे दरवेळी फोनवर तेच तेच नको.

आपला प्रॉब्लेम असा आहे की आपल्याकडे पैसा आणि सराव एकावेळी कधीच नसतात. ज्याच्या घराजवळ ड्रॉपझोन (उड्या मारायची जागा) आहे तो दर शनिवार-रविवारी उडतो. आपण वर्षातून एखादी थायलंडची ट्रिप करतो, मध्ये जमलं तर नागपूरहून दिल्लीची ट्रेन धरून पुढे हरियाणातल्या नारनौलचा ड्रॉपझोन, बस. बाकी उन्हाळा, पेरणी, निंदण, फवारणी यात महिन्यामागून महिने कोरडे जातात. मग कापूस विकला जातो, हातात पैसा येतो, पैसा आला की रिग (पाठीवरचा पॅराशूटचा पूर्ण संच) आठवते, आणि नेमका तेव्हाच माणूस अर्धं वर्ष जंप न मारलेला असतो. म्हणजे वर्षातली सगळ्यात वाईट वेळ, आणि आपण तेव्हाच साइज खाली आणायला निघतो.

लॉगबुकातल्या आकड्यावर लोक फार भांडतात. एक ढोबळ नियम फिरतो की पहिल्या १०० जंपपर्यंत विंग लोडिंग (कॅनॉपीच्या दर स्क्वेअर फुटावर येणारं वजन, ते जास्त तेवढा वेग जास्त) १.० च्या वर न्यायचं नाही, पुढे दर १०० जंपला ०.१ वाढवायचं. नियम वाईट नाही, पण तो वरची मर्यादा सांगतो, तिथपर्यंत पोचलंच पाहिजे असं कुठं लिहिलंय? आणि दोन महिन्यांत मारलेल्या १०० जंप आणि सहा वर्षांत तुकड्या-तुकड्यात मारलेल्या १०० जंप सारख्या नसतात हे आपल्याला तरी कोणी सांगायची गरज नाही.

ज्यांना हिशोब माहीत नाही त्यांच्यासाठी, कपडे-हेल्मेट-रिगसकट तुमचं वजन पाउंडात घ्यायचं आणि कॅनॉपीच्या स्क्वेअर फुटांनी भागायचं, झालं विंग लोडिंग. समजा माणूस ७० किलोचा, रिग-बिग ११ किलो, एकूण ८१ म्हणजे १७८ पाउंडाच्या आसपास. १९० वर ०.९४ येतं, १७० वर १.०५, १५० वर १.१९. आता दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत घरचे लाडू, वावरातले रोडगे आणि वांग्याची भाजी, मध्ये दोन-चारदा सावजी, असे ५ किलो चढले तर त्याच जुन्या १९० वर तुम्ही जवळपास १.० ला पोचले. अर्धी साइज फुकटात खाली. म्हणून आधी काट्यावर उभं रहा, मग कॅनॉपीचे फोटो पहा.

दुसरी गोष्ट गरमीची, जी आपल्याला जास्त लागू पडते. हवा तापली की पातळ होते आणि कॅनॉपीला तेवढंच वजन पेलायला जास्त वेगात जावं लागतं. आपल्याकडे जमीन समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या आसपास, त्यात ४५ डिग्री धरली तर हवा जवळपास पावणेपाच हजार फुटांवरच्या हवेइतकी पातळ वागते. जानेवारीतल्या सकाळच्या तुलनेत वेग सहा टक्क्यांच्या आसपास वाढतो, आणि गंमत म्हणजे १९० वरून १७० वर आलं तरी वेग जवळपास तेवढाच वाढतो. म्हणजे थंडीत १७० छान उतरवली म्हणून खूष झालेला माणूस एप्रिलच्या दुपारी तीच घेऊन गेला तर तो १५० च्या वेगाने जमिनीकडे येतोय, वरून वावटळी उठतात त्या वेगळ्याच. मी तर म्हणतो मार्चनंतर साइज बदलायचा विषयच काढू नये.

हलक्या वजनाच्या लोकांनी अजून एक लक्षात ठेवा. आकडा १.० च असला तरी १३५ आणि १९० सारख्या वागत नाहीत, लहान कॅनॉपीच्या दोऱ्या आखूड असतात, टॉगल (वळायच्या दोरीची मूठ) ओढलं की ती झपकन वळते आणि उंचीही पटकन खाते. सडपातळ पोरींना लोक बिनधास्त सांगतात की तुझं लोडिंग तर कमीच आहे, घे लहान. ते बरोबर नाही.

मग केव्हा घ्यायची? माझं मत सरळ आहे, आत्ताची कॅनॉपी जे जे करू शकते ते सगळं तुमच्याकडून होत असेल तेव्हा. वारा असताना समोरून छान उभ्याने उतरणं हे काही नाही, ते मोठी कॅनॉपी स्वतःच करून देते. बिलकुल वारा नसताना उतरता येतं का? आडव्या वाऱ्यात? दरवेळी ठरवल्या जागेच्या दहा मीटरच्या आत? मागच्या रायझरने (खांद्यावरून कॅनॉपीच्या दोऱ्यांकडे जाणाऱ्या पट्ट्यांनी) फ्लेअर, म्हणजे उतरताना शेवटी वेग मोडणं, करता येतो का, म्हणजे आधी वर उंचीवर सराव करून मग खाली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ५० फुटांवर असताना न डुबकी मारता ९० डिग्री वळता येतं का, फ्लॅट टर्न. हेही आधी वर भरपूर उंचीवर घोटायचं, आणि कोच पाहत असताना. कारण चांगल्या उघडलेल्या कॅनॉपीखाली जे लोक मरतात किंवा पाय-कंबर मोडून घेतात त्यात खाली-खाली मारलेलं वळण हे फार मोठं कारण आहे. समोर अचानक तार दिसते, धुऱ्यावरची बाभूळ दिसते, कठडा नसलेली विहीर दिसते, माणूस घाबरून एक टॉगल खाली ओढतो, कॅनॉपी नाक खाली घालते आणि सावरायला उंचीच उरलेली नसते. मोठी कॅनॉपी तिथे थोडी माफी देते, लहान देत नाही. आपल्याकडे ड्रॉपझोन चुकला की वावरातच उतरायचं असतं, त्यात पऱ्हाटी उभी, तुरी उभ्या, त्यामुळे पुण्यातल्या दोस्ताने कोणती साइज घेतली हे पाहूच नका.

बाबांनी एकदा विचारलं होतं, "मोठी छत्री बरी होती ना बापा, लहान काहून पायजे तुले?" गावात स्कायडायव्हिंग म्हटलं की लोकांना शीतल महाजन आठवतात, २०१८ ची ती नऊवारीतली उडी, पुढचं कोणाला काही घेणंदेणं नसतं. पण बाबांचा प्रश्न भल्याभल्यांना सुचत नाही. खरी उत्तरं दोन-तीनच आहेत. वाऱ्यात मोठी कॅनॉपी पुढे सरकत नाही, कधी उलट मागे जाते. फ्लेअर जरा ढिला वाटतो. बॅग जड. बाकी सगळं म्हणजे बाजूच्याकडे १५० आहे आणि माझ्याकडे १९०, एवढंच. वाऱ्याचं म्हणाल तर यूएसपीए, म्हणजे अमेरिकेतली स्कायडायव्हर्सची संघटना, विद्यार्थ्यांना ताशी १४ मैल, म्हणजे २२ किलोमीटरच्या वर सोडत नाही, तो आकडा ओलांडला की खाली बसून चहा पिण्यात काही कमीपणा नाही. आणि इलिप्टिकलचा (टोकांकडे निमुळत्या, जास्त चपळ कॅनॉपीचा) हट्ट तर बिलकुल नको, शंकरपटाची जोडी कोणी पहिल्याच दिवशी नवशिक्याच्या हातात देत नाही.

रिझर्व्हचा, म्हणजे अडचणीसाठीच्या दुसऱ्या पॅराशूटचा, विचार कोणीच करत नाही. लहान मेनसाठी (नेहमीच्या कॅनॉपीसाठी) लहान कंटेनर (पाठीवरची बॅग) घेतला की त्यात रिझर्व्हही लहानच बसते. आता विचार करा, डोक्याला मार लागून बेशुद्ध आहात, एएडीने (आपोआप रिझर्व्ह उघडणाऱ्या यंत्राने) रिझर्व्ह उघडली, फ्लेअर करायला कोणी नाही, खाली नांगरलेलं वावर. तेव्हा वर १३५ पाहिजे की १९०? कंटेनर विकत घेताना हाच प्रश्न विचारा, मेनची साइज नंतर बदलता येते.

तर घ्या १७०, १५० नाही, एका वेळी एकच साइज. घेतली की कपाटात ठेवा. ट्रिपवर दोन्ही न्या, आधीचे काही दिवस जुनीवरच मारा, हात बसू द्या. मग एखाद्या सकाळी, वारा हलका असताना, पाच हजार फुटांवरून एकट्याने उडी मारून लगेच उघडा, वरच दोन-तीनदा पूर्ण फ्लेअर करून पहा की कुठे स्टॉल होते (कॅनॉपी उडायची थांबून खाली पडू लागते), फ्लॅट टर्न मारून पहा, पॅटर्न (उतरण्याआधीचा ठरलेला फेरा) जरा लांबून घ्या कारण ही पुढे जास्त सरकेल. खाली कोणीतरी व्हिडिओ काढणारा ठेवा. दुपारी वारा चढला की परत १९० बांधा, आणि पुढच्या हंगामातली पहिली जंपसुद्धा १९० वरच मारा.