एका जादा 'लेट'पायी

बिलाची बेरीज काही केल्या शून्यच येत होती. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेतलं जेमतेम चाळीस ओळींचं फंक्शन. वर 'लेट टोटल' ('लेट' म्हणजे या नावाचं नवं व्हेरिएबल, आकडा ठेवायची जागा, तयार कर), मध्ये एकेका वस्तूवर फिरणारं लूप, शेवटी रिटर्न. लूपच्या आत कन्सोलवर आकडा दिसायचा, बाहेर आलं की शून्य. दोन तासांनी दिसलं की आत एका वस्तूची रक्कम काढताना कुणीतरी पुन्हा 'लेट टोटल' लिहिलंय. (कोणती ओळ कुणी लिहिली ते सांगणाऱ्या गिट ब्लेमने नाव माझंच सांगितलं.) पुढची सगळी बेरीज त्या आतल्या टोटलमध्ये पडत होती, आणि फेरा संपला की ते टोटल गायब.

कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या ईएसलिंटचा 'नो-शॅडो' नियम (बाहेरचं नाव आत पुन्हा वापरू नका) लावला असता तर हे लगेच कळलं असतं, पण तो शिफारशीच्या संचात नसतो, आणि मी कधी लावलाही नव्हता. शिवाय राग आला तो एडिटरचा: व्हेरिएबल जन्माला येतं ती जागा आणि ते नुसतं वापरलेली जागा, दोन्हींना एकच फिकट निळा रंग!

माझ्या एडिटरमध्ये, म्हणजे व्हीएस कोडमध्ये, कोडचं मुळातलं रंगकाम टेक्स्टमेट ग्रामर नावाची नियमावली करते. ती रेग्युलर एक्सप्रेशनवर, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या साच्यांवर चालते. 'लेट'नंतरचं नाव तिला हेरता येतं, पण खालचं टोटल म्हणजे वरच्यांपैकी कोणतं टोटल, हे तिच्या गावीही नसतं. ते ठाऊक असतं लँग्वेज सर्व्हरला, म्हणजे कोडचा अर्थ लावून एडिटरला कळवणाऱ्या प्रोग्रामला. तो प्रत्येक नावाबरोबर प्रकार आणि विशेषणं पाठवतो, त्यांतलंच एक 'डिक्लरेशन', म्हणजे नाव इथे जन्माला आलं. एडिटर आणि हा सर्व्हर ज्या ठरलेल्या पद्धतीने बोलतात त्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलमध्ये ही सोय 3.16 आवृत्तीपासून आहे.

मग सेटिंग्जमध्ये नियम लिहिला: डिक्लरेशन असेल ते ठळक. काहीच बदललं नाही. अर्धा तास स्पेलिंग तपासत बसलो. शेवटी एखाद्या शब्दाला रंग कुठून मिळाला ते दाखवणारी 'इन्स्पेक्ट एडिटर टोकन्स अँड स्कोप्स' ही आज्ञा चालवून कर्सर टोटलवर ठेवला, तर खिडकीत सिमँटिक टोकनची ओळच नव्हती. माझ्या थीमने (रंगसंचाने) सिमँटिक हायलायटिंग, म्हणजे लँग्वेज सर्व्हरच्या माहितीवरून होणारं रंगकाम, चालूच केलेलं नव्हतं. तेवढं 'ट्रू' केलं आणि आख्खी फाइल ठळक झाली, कारण नियमात प्रकाराच्या जागी मी तारा (*, म्हणजे 'कोणताही प्रकार') टाकला होता. फंक्शन, क्लास, पॅरामीटर, सगळेच ओरडायला लागले. तारा काढून फक्त 'व्हेरिएबल' ठेवलं, ठळकऐवजी अधोरेखित केलं. आता आतल्या टोटलखाली रेघ दिसली की हात आपोआप थांबतो.

पायथन या दुसऱ्या भाषेत मात्र 'लेट'सारखा शब्दच नाही. व्हेरिएबलला पहिल्यांदा किंमत द्या नाहीतर दहाव्यांदा, ओळ तीच दिसते. स्पेलिंग चुकलं तरी भाषा निमूटपणे नवं व्हेरिएबल करून मोकळी होते. 'टोट्ला' नावाचं एक मागच्याच आठवड्यात भेटलं.